टॅक्सी रस्त्यावरून पडली नव्हती गं

या वेळचं पत्र भांडुपहून आलंय. बरंच मोठं होतं म्हणून कापलंय, नाव काढलंय, बाकी शब्द तिचेच ठेवलेत.

"मावशी, नमस्कार. मी 36 वर्षांची आहे. म्युन्सिपालिटीच्या शाळेत मराठीतून शिकले, बारावी कॉमर्स, मग लग्न. दादरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बिलिंग काउंटरला बसते. मुलगा पाचवीत, इंग्लिश मिडीयमला. गेल्या वर्षी इंग्लिश सुधारायला क्लास लावला, आठ हजार भरले, सर म्हणाले रोज इंग्लिश पेपरचा अग्रलेख वाचायचा आणि अडलेले शब्द वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी 34 शब्द निघाले, दुसऱ्या दिवशी 29, चौथ्या दिवशी मी पेपर उघडलाच नाही. मोबाइलवर ॲप आहे, त्यावर 211 दिवस एकही खाडा नाही, पण काउंटरला कोणी इंग्लिशमध्ये विचारलं की रिपोर्ट कधी मिळेल तर माझी बोबडी वळते. हल्ली ट्रेनमध्ये छोट्या गमतीच्या बातम्या वाचते, त्या जरा कळतात. परवा काळ्या-पिवळ्या टॅक्सीची जुनी बातमी होती, 'लास्ट पद्मिनी टॅक्सी टु गो ऑफ रोड', मी मुलाला म्हटलं अरे बघ शेवटची टॅक्सी रस्त्यावरून खाली पडली, तर तो एवढा हसला की बाबांना झोपेतून उठवून सांगितलं त्याने. मावशी, असल्या हलक्याफुलक्या बातम्या वाचून इंग्लिश येतं का, की नुसता टाइमपास आहे? का परत अग्रलेखच सुरू करू?"

अगं बाई, अग्रलेख अजिबात नको. बातम्याच वाच, आणि त्याही हलक्याफुलक्याच वाच. पण तू आत्ता जशी वाचतेस ना, एक वाचली, हसलीस, वर सरकवली, दुसरी वाचली, तो टाइमपासच आहे, उगाच खोटं कशाला सांगू. बातमी बरोबर आहे, वापरायची पद्धत चुकतेय. एका दिवसात दहा बातम्या नकोत. एकच बातमी, तीही तुझ्या तळहाताएवढी, आणि ती आठवडाभर पुरवायची. पोळी ताजी असताना खातो, दुसऱ्या दिवशी फोडणीची करतो, उरलीच तर चुरून गूळ-तुपात लाडू वळतो, तसं.

आधी तुझ्या टॅक्सीचं बघू, म्हणजे तुझी लाज जाईल. त्यासाठी माझी सांगते. मी गिरगावात मराठी शाळेत शिकले आणि नंतर एका मराठी पेपरात डेस्कवर लागले. काम काय, तर इंग्रजीत आलेल्या बातम्या मराठीत करायच्या. नोकरीचा दुसरा की तिसरा आठवडा, रात्रपाळी, माझ्यासमोर चार ओळींची कॉपी, वर हेडिंग 'वॉटर रो'. मला आर-ओ-डब्ल्यू म्हणजे रांग एवढंच माहीत, आणि मुंबईत पाणी आणि रांग हे दोन शब्द शेजारी आले तर माणसाला शंका तरी का यावी, मी झोकात हेडिंग दिलं 'पाण्यासाठी रांगा' आणि खाली मजकूर होता दोन राज्यांच्या भांडणाचा. छापून आलं. सकाळी वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं, बाई ही दोन राज्यं हंडे घेऊन कुठे उभी होती? रो म्हणजे रांग, पण त्याच स्पेलिंगचा दुसरा शब्द आहे, अर्थ भांडण, आणि त्याचा उच्चार रो नाहीच, 'राव'. काय राव भांडताय असं डोक्यात बसवलं तेव्हापासून आजपर्यंत चुकले नाही. तर सांगायचा मुद्दा, तू ज्या खड्ड्यात पडलीस त्यात आम्ही पगार घेऊन पडलोय.

आता हेडिंग. इंग्रजी पेपरची हेडिंगं ही वेगळीच भाषा आहे आणि ती कोणी शिकवत नाही, क्लासवाल्या सरांनीही शिकवली नसणार. जागा कमी असते म्हणून शब्द गाळतात. सगळ्यात आधी अ, ॲन, द जातात. मग इज, आर, वॉज, वेअर जातात. 'थ्री हेल्ड' असं दिसलं तर तिघांनी काहीतरी धरलं असं नाही, 'थ्री पीपल वेअर हेल्ड', तिघांना धरलं, म्हणजे पोलिसांनी. होऊन गेलेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात, 'कॅट स्टॉप्स ट्रॅफिक', मांजर काल आडवं गेलेलं असतं पण हेडिंगात ते अजून आडवं जातंच आहे. आणि पुढे होणारी गोष्ट असेल तर विल न लिहिता नुसतं 'टु' लावतात. तुझ्या हेडिंगात तेच आहे. 'टु गो' म्हणजे जाणार. अजून गेली नाही, जाणार आहे. आणि 'गो ऑफ रोड' म्हणजे रस्त्यावरून घसरणं नाही, रस्त्यावर धावणं बंद होणं, आपण म्हणतो ना गाडी भंगारात निघाली, साधारण तसं. तुझा अर्थ शब्दाला शब्द लावून बरोबरच होता, म्हणून तर चुकला. शिवाय ऑफ-रोड म्हणजे जीप घेऊन डोंगरात चिखल उडवत जाणं असाही अर्थ आहे, तो तुझ्या मुलाला माहीत असेल गेममुळे, म्हणून त्याला जास्त हसू आलं असेल.

म्हणून पहिला व्यायाम हाच. हेडिंग घ्यायचं आणि त्याचं पूर्ण वाक्य करायचं, गाळलेले शब्द परत घालायचे. 'लास्ट पद्मिनी टॅक्सी टु गो ऑफ रोड' हे होतं 'द लास्ट पद्मिनी टॅक्सी विल गो ऑफ द रोड'. दोन वेळा द आला बघ. मराठीत अ आणि द असलं काही नाहीच, त्यामुळे आपल्या डोक्यात त्यासाठी खणच नाही, नियम पाठ करून तो तयार होत नाही, रोज एक हेडिंग भरून भरून होतो. उलटं मात्र करू नकोस. हेडिंगातली भाषा तोंडात आणायची नाही. चोर पकडला हे पेपरात 'नॅब्ड', मंजुरी मिळाली हे 'नॉड', टीका केली हे 'स्लॅम्ड', पण काउंटरला बसून तू 'डॉक्टर नॉड्स' म्हणालीस तर पेशंट डॉक्टरांच्या मानेकडे बघेल. हे शब्द ओळखायचे, बोलायचे नाहीत. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ पेपर वाचून वाचून असं बोलायला लागले होते, 'माय सन टु गो टु पुणे', सगळ्यांना वाटायचं तार आली.

अग्रलेख का नको तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल मावशी सोपं करून देतेय. न्यूझीलंडमध्ये पॉल नेशन म्हणून भाषेचे प्राध्यापक, त्यांनी आयुष्यभर हेच मोजलं, की माणसाला मजकूर आरामात कळायला त्यातले किती शब्द आधीच माहीत असावे लागतात. आकडा येतो साधारण 98 टक्के. म्हणजे शंभरात दोन शब्द अडले तर चालतं, बाकीचं आजूबाजूवरून कळतं. तू तर एका बैठकीला 34 शब्द काढलेस, ते वाचन नव्हतंच गं, ते गहू निवडणं होतं. बरं ते शब्द तरी कसले, महागाई, धोरण, तूट, सार्वभौमत्व असले असणार, ज्यांना हात लावता येत नाही. एकेक वाक्य सुताच्या गुंडीसारखं, शेवटाला पोचेपर्यंत कर्ता हरवतो. गमतीच्या बातमीत काय असतं, कोणीतरी पडलं, पळालं, सापडलं, चावलं, हरवलेलं पाकीट परत दिलं. क्रियापदं हाताला लागतात, गोष्ट सरळ रेषेत जाते, आणि भूतकाळाची प्रॅक्टिस फुकट होते. शिवाय तुझ्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत कोणी तुटीच्या अर्थसंकल्पावर बोलतं का? मांजराबद्दल बोलतात.

तर बातमी निवडायची कशी. शंभर-सव्वाशे शब्दांची. चार-पाच शब्द अडले तर ठेव (शंभराला दोनपेक्षा जरा जास्त, पण एकच बातमी आठवडाभर पुरवायचीय म्हणून चालतील), दहा अडले तर सोडून दे, वाईट वाटून घेऊ नको, दुसरी घे. आणि हे महत्त्वाचं, जी बातमी तुला मराठीत आधीच माहीत आहे तीच घे. लोकांना वाटतं ही चीटिंग. अजिबात नाही. गोष्ट माहीत असली की डोकं 'काय झालं' यात अडकत नाही, 'हे इंग्रजीत कसं म्हणतात' इकडे मोकळं राहतं. घरी मराठी पेपर येतोच ना, त्यात आतल्या पानावर वाचायची आणि तीच इंग्रजीत शोधायची. इंग्रजी पेपर विकतही घेऊ नकोस, रद्दीवाल्याकडून गेल्या महिन्याचा गठ्ठा आण, बातमी शिळी असली तरी व्याकरण शिळं होत नाही, आणि त्यावर बिनधास्त पेनाने रेघोट्या मारता येतात, मोबाइलवर नाही मारता येत.

तुझी पद्मिनीचीच घेऊ. मी ती चार वाक्यांत बसवलीय, अशी:

द लास्ट प्रीमियर पद्मिनी टॅक्सी इन मुंबई वॉज रजिस्टर्ड ऑन 29 ऑक्टोबर 2003. अ टॅक्सी इन द सिटी कॅन रन फॉर 20 इयर्स. सो, फ्रॉम 30 ऑक्टोबर 2023, द कार वॉज नो लाँगर अ टॅक्सी. फॉर मेनी मुंबईकर्स, इट वॉज द एंड ऑफ ॲन एरा.

(मी इथे देवनागरीत लिहिलंय, तू वहीत इंग्रजी लिपीत लिही, स्पेलिंग मुलाकडून तपासून घे, त्याला तेवढंच मोठं वाटेल.)

सोमवारी फक्त वाच. मनात एकदा, मोठ्याने दोनदा. अडलेला शब्द असेल तर 'एरा', म्हणजे काळ, युग. 'नो लाँगर' बघ, लांबीशी संबंध नाही, 'आता राहिली नाही'. बस. वहीत शब्द सुटा लिहायचा नाही, अख्खं वाक्य लिहायचं. तुझ्या वहीतले ते 34 शब्द आज तुला आठवत नाहीत ना, कारण ते एकेकटे होते, वाक्यातून उपटलेले.

मंगळवारी गाळलेल्या जागा. पण लोक मोठे शब्द गाळतात, तू छोटे गाळ. ऑन, इन, फॉर, फ्रॉम, अ, द, ऑफ यांच्यावर पट्टी ठेव किंवा खडूने झाक आणि आठवून भर. ही गाळण्याची पद्धत जुनी आहे, 1953 मध्ये विल्सन टेलर नावाच्या माणसाने तिला क्लोझ असं नाव दिलं, त्याने ती काढली होती मजकूर किती सोपा आहे ते मोजायला आणि नंतर मास्तरांनी पळवली. भरताना तुला दिसेल, पूर्ण तारीख आली तर ऑन (नुसतं साल किंवा महिना आला तर इन, ते पुढे पेंग्विनमध्ये येईल). आधी 'अ टॅक्सी', कुठलीही एक, आणि मग 'द कार', ती हीच जिच्याबद्दल बोलतोय. हे तुला कोणी फळ्यावर सांगितलं असतं तर जांभई आली असती.

बुधवारी सुट्टी. खरंच सुट्टी, थोडं विसरायला वेळ दिला पाहिजे.

गुरुवारी न बघता सांग. भांडुपला स्लो पकडतेस ना, मग कांजूरमार्गला पहिलं वाक्य, विक्रोळीला दुसरं, घाटकोपरला तिसरं (घाटकोपरला गर्दीत बोलता नाही आलं तर मनात), विद्याविहारला चौथं, आणि कुर्ला आलं की स्वतःचं एक वाक्य जोडायचं, कारण या पद्मिनी कुर्ल्याच्याच कारखान्यात बनायच्या. 'दीज कार्स वेअर मेड इन कुर्ला.' हे वाक्य कुठल्याच पुस्तकात नसेल, तुझं आहे. सायन-माटुंगा सगळी परत एकदा. दादरला उतर. लोक बघतात असं वाटेल, बायकांच्या डब्यात कोणी स्तोत्र म्हणतं, कोणी भाजी निवडतं, कोणी फोनवर सासूचा उद्धार करतं, तुझ्या पुटपुटण्याकडे कोणाला बघायला वेळ नाही.

आणि शनिवार-रविवारी ती बातमी बदलायची. सांगाडा तोच, माणसं वेगळी. बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर त्याच्या दीड महिना आधी गेल्या, शेवटची धावली 15 सप्टेंबर 2023 ला, आणि मुंबईत डबलडेकर सुरू झाली होती 1937 मध्ये. घाल याच साच्यात. 'द लास्ट डिझेल डबलडेकर बस रॅन ऑन...' तू पुढे कर, मी नाही करून देणार. नाहीतर राणीच्या बागेतले पेंग्विन घे, जुलै 2016 मध्ये आठ आले होते, दक्षिण कोरियाहून, हम्बोल्ट जातीचे. 'एट पेंग्विन्स केम टु मुंबई इन जुलै 2016.' बघ, महिना-साल आलं, इन लागलं, ऑन नाही. तीन बातम्या झाल्या पण व्याकरण एकच फिरतंय, हेच हवंय. मग फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग कर आणि ऐक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून फार घाण वाटेल, सगळ्यांनाच वाटतं, लता मंगेशकर एकच होत्या. दुसऱ्यांदा ऐकशील तेव्हा आवाज नाही ऐकू येणार, चुका ऐकू येतील.

ॲपचं. 211 दिवस म्हणजे चिकाटी आहे तुझ्यात, त्याबद्दल शाबास. पण ॲप काय करतं, चार शब्द समोर ठेवतं आणि म्हणतं यातला उचल. म्हणजे ताट वाढलेलं असतं, तू फक्त घास घेतेस. काउंटरला ताट रिकामं असतं, शब्द आतून काढावा लागतो, ती वेगळी कसरत आहे आणि ती तू 211 दिवसांत एकदाही केलेली नाहीस. ॲप बंद नको करू, सवय मोडेल, पण एक कर. उत्तराचे पर्याय अंगठ्याने झाक, आधी तोंडाने बोल, मग अंगठा काढ. वेळ दुप्पट लागेल. लागू दे.

आता तुझ्या काउंटरचं बोलू, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. 'रिपोर्ट कधी मिळेल' याचं उत्तर तू मनात मराठीत तयार करतेस, 'संध्याकाळी सहापर्यंत मिळेल', आणि मग 'पर्यंत'ला इंग्रजी शोधतेस, बरोबर? आणि तोंडात येतं टिल. 'टिल सिक्स रिपोर्ट विल कम.' इथेच मराठीने आपल्याला फसवलंय, आपला एक 'पर्यंत' दोन कामं करतो. रिपोर्ट सहापर्यंत मिळेल म्हणजे सहाच्या आत कधीही एकदा, तिथे बाय. 'युअर रिपोर्ट विल बी रेडी बाय सिक्स.' लॅब सहापर्यंत उघडी आहे म्हणजे सहा वाजेस्तोवर चालूच आहे, तिथे टिल. 'द लॅब इज ओपन टिल सिक्स.' एकदाच घडणारं बाय, चालू राहणारं टिल. ही दोन वाक्यं एका चिठ्ठीवर लिहून कॅलक्युलेटरला चिकटव.

अशीच दुसरी आपली खोड म्हणजे 'च'. आत्ताच आले, कालच दिला, इथेच मिळेल. मराठीत च शिवाय बोलताच येत नाही, आणि त्या प्रत्येक च चं आपण ओन्ली करतो. 'यस्टरडे ओन्ली आय गेव्ह', 'हिअर ओन्ली यू विल गेट'. मुंबईत सगळे समजतात, चालतंही, मी नाक मुरडणार नाही, पण 'आत्ताच'ला 'जस्ट' आहे, 'द डॉक्टर हॅज जस्ट लेफ्ट', आणि बाकीच्या निम्म्या च ना इंग्रजीत काहीच लागत नाही, नुसता त्या शब्दावर जोर द्यायचा, 'आय गेव्ह इट यस्टरडे', यस्टरडे जरा दाबून. तसंच लाइट क्लोज नाही करायचा, स्विच ऑफ करायचा. 'डिस्कस अबाउट' मधला अबाउट काढून टाकायचा. 'ही टोल्ड टु मी' मधला टु काढायचा, तो 'मला' मधल्या ला चा आहे. एका वहीच्या मागच्या पानावर असल्या आपल्या मराठी खोडी लिहीत जा, व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा ते पान जास्त कामाचं होईल, कारण ती पुस्तकं मराठी माणसासाठी लिहिलेली नसतात.

डिक्शनरी विचारली नाहीस पण सांगते. इंग्रजी-मराठी ठेव घरात, पण सोबत एक लर्नर्स डिक्शनरी घे, शिकणाऱ्यांसाठी असते ती. त्यातल्या काहींमध्ये सगळे अर्थ जेमतेम 2000 सोप्या शब्दांत समजावलेले असतात आणि प्रत्येक शब्दाखाली वापरलेलं वाक्य असतं. माझ्याकडे ती असती तर त्या रात्री दोन राज्यं हंडे घेऊन उभी राहिली नसती. दादरला फुटपाथवर जुनी मिळाली तरी चालेल.

ऐकायला काय. घरी वायफाय असेल तर बीबीसीचं लर्निंग इंग्लिश आहे, ते लोक 1943 पासून इंग्रजी शिकवतायत, सुरुवातीला रेडिओवरून, त्यांचा सहा मिनिटांचा एक कार्यक्रम असतो आणि लिहिलेला मजकूरही सोबत मिळतो. व्हॉइस ऑफ अमेरिकाने 1959 मध्ये स्पेशल इंग्लिश सुरू केलं होतं, साधारण 1500 शब्दांतच अख्ख्या बातम्या, छोटी वाक्यं, आणि वाचायचे मुद्दाम हळू. त्यातलं जुनं काही सापडलं तर सुरुवातीला ते छान. एक मिनिट ऐकायचं, थांबवायचं, ऐकलेलं लिहायचं, मग मजकुराशी ताडायचं. शाळेतलं शुद्धलेखन गं, दुसरं काय.

पण तुझ्याकडे त्याहून भारी फुकटचा क्लास आहे आणि तू रोज त्याच्या खाली उभी असतेस. प्लॅटफॉर्मवरची अनाउन्समेंट. तेच वाक्य मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, लागोपाठ, रोज. कधी लक्ष देऊन ऐक. मराठीत ही गाडी अमुक, अमुक, अमुक, अमुक या स्टेशनांवर, आणि शेवटी 'थांबणार नाही'. म्हणजे सगळी स्टेशनं ऐकेपर्यंत जीव टांगणीला, थांबणार की नाही ते शेवटच्या शब्दावर. इंग्रजीत पहिल्याच झटक्यात 'धिस ट्रेन विल नॉट हॉल्ट ॲट', मग स्टेशनं. कोण, काय करतो हे आधी, बाकी सगळं मागून. तू काउंटरला अडकतेस ते यामुळे, तुझं क्रियापद मराठीसारखं शेवटाला थांबून राहतं आणि तोपर्यंत समोरचा माणूस पुढच्या खिडकीला गेलेला असतो. 'द रिपोर्ट विल बी रेडी' एवढं आधी बोलून टाक, कधी, कुठे, किती वाजता ते मागून येऊ दे.

उच्चारांचं फार मनावर घेऊ नको. एकच गोष्ट सांगते, व्ही आणि डब्ल्यू. आपण बोलताना दोन्हीचं व करतो पण लिहिताना मराठी माणूस बरोबर फरक करतो, बघ, व्हॅन लिहितो पण वॉटर लिहितो, व्होट पण वॉच. जिथे व्ह लिहिशील तिथे वरचे दात खालच्या ओठाला टेकव, जिथे नुसता व तिथे ओठांचा चंबू. फक्त व्हॉट, व्हाइट, व्हील आणि तुझं व्हॉट्सॲप यांत फसू नकोस, तिथला ह हा स्पेलिंगमधल्या एचमुळे आलाय, तिथेही चंबूच. काउंटरला 'व्हाइट ब्लड सेल्स' दिवसातून किती वेळा म्हणत असशील.

आठ हजारांचं म्हणशील तर गेले ते गेले. परत दुसरा क्लास लावायच्या आधी तीन महिने हे कर. तीन महिन्यांत बारा-तेरा बातम्या होतील, म्हणजे पन्नासेक वाक्यं जी तू झोपेत विचारली तरी म्हणशील, आणि काउंटरला लागतात त्यापेक्षा ती जास्तच आहेत.

राहिला मुलगा. त्याला रागावू नको, पाचवीतल्या पोराला आई चुकली की गंमत वाटतेच, तू पण तुझ्या आईच्या हिंदीला हसली असशील. त्याला कामाला लाव. रविवारी तो तुझ्या चार वाक्यांचं डिक्टेशन घेईल, आणि त्याच्या बदल्यात तू त्याच्याकडून मराठी पेपरातल्या चार ओळी मोठ्याने वाचून घे, जोडाक्षरांसकट, मग कोण किती हसतंय ते बघू. आणि या रविवारी सुरुवात करायच्या आधी एका कागदावर आर-ओ-डब्ल्यू लिही, त्याच्यासमोर धर आणि विचार, याचे उच्चार किती. एक म्हणाला तर बाबांना झोपेतून उठव.